मायची पात

यंदा आमच्या तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणीचं यंत्र उतरलं. केशोरीच्या बाजूने एक दाढीवाला बाप्या ते ट्रॉलीत घालून घेऊन आला. त्याच्या कानात मोबाईलच्या वायरी, तोंडात तंबाखूचा खर्रा. मी छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिले, म्हटलं चला, आज दिवसभराची करमणूक झाली. कसली करमणूक! यंत्र खडखड करत गेलं, खडखड करत आलं, मागे पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, सरळ ओळी सोडत, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळ्या बांध्या हिरव्या करून तो बाप्या ट्रॉलीवर चढून बसलासुद्धा. कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी कोणाच्या सासूचा उद्धार केला नाही, कोणाचं लुगडं भिजलं नाही. रोवणी झाली आणि चिखलात एकाही बाईचा पाय पडला नाही, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. मी त्याला विचारलं, "झालं का गा एवढ्यात?" तो म्हणाला, "हो गया माजी, और क्या?" मी घरी आले आणि उगाच चिडचिड करत बसले. सुनेला फोनवर वाटलं माझं बीपी वाढलं असेल.

माझा मुलगा तिरोड्याला वीज कारखान्यात आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. इथे घरी मी एकटी. कवेलूचं घर पाडून त्याने स्लॅबचं बांधलं, टाईल्स लावल्या, आणि मागच्या वर्षी ओसरीत आणि मागच्या दारी कॅमेरे बसवले. आता मी जरा परसात गेले की फोन वाजतो. "आई, दार उघडं काऊन ठेवलं? आई, एवढ्या उन्हात कुठं निघालीस?" एकदा मी कॅमेऱ्याकडे तोंड करून चांगली शिवी हासडली, तेव्हापासून जरा कमी झालं आहे. पोराचा जीव आहे माझ्यावर, मला कळतं. पण सारखं कोणीतरी आपली वाट पाहतं आहे, आपण जागेवर आहोत ना हे बघतं आहे, असं जगणं मला नवीन नाही, आणि ते मला कधीच सोसलं नाही. ही गोष्ट तसल्या नजरेचीच आहे, म्हणून सांगते.

त्या काळी आमचं गाव म्हणजे एका बाजूला तलावाची पाळ, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मध्ये बांध्याच बांध्या. पावसाळा लागला की नाला भरून यायचा आणि अर्जुनीकडचा रस्ता असून नसल्यासारखा व्हायचा. बैलगाडी गेली तर गेली, नाहीतर चार महिने ज्याने त्याने आपापल्या ओसरीत बसून पावसाला शिव्या द्यायच्या. आमच्या घरात तिघंच. बाबूजी, माय आणि मी. माझ्या पाठीवर दोन झाले, दोन्ही राहिले नाहीत. त्यामुळे घरात आवाज कमी. पहाटे उखळात मुसळ पडायचं त्याचा दणका, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कवेलूंवरून पाण्याची धार, आणि तलावात बेडकांचा तो कायमचा बाजार. सकाळी गरम पेज, तीत मीठ आणि बाजूला जवसाची चटणी. दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, अंबाडी असली तर अंबाडी. पावसात भाजी मिळेना की माय मडक्यातून सुके झिंगे काढायची आणि वांग्यात टाकायची. तो वास आला की मी शाळेचं पुस्तक टाकून चुलीपाशी. माय म्हणायची, "मॅट्रिक झाली तरी नाक मांजरीचंच हाये पोरीचं." आज माझी सून झिंग्यांचा वास आला की खिडक्या उघडते. असो.

मॅट्रिक मी खरंच झाले होते. केशोरीच्या शाळेत पायी जाऊन येऊन. गावातली पहिली पोरगी. बाबूजी कोणापुढे मिरवायचे नाहीत, पण पाहुणा आला की कसंतरी बोलणं तिकडे वळवायचे. "पानी आन वो सायत्रा, मॅट्रिकवाली," असं म्हणायचे आणि खाली बघून मिशीत हसायचे.

आता रोवणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा आमच्याकडे रोवणी मजुरीने नव्हे, बदलीने व्हायची. एका गल्लीतली सात-आठ घरं. प्रत्येक घरची एक बाई. सगळ्या मिळून आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या, असं करत सगळ्यांचं रोवून व्हायचं. ज्याच्या बांधीत आधी पाणी, त्याची रोवणी आधी. आमच्या बांध्या तलावाला लागून, त्यामुळे आमचा नंबर नेहमी पहिला. पण ज्याचं पहिलं झालं त्याने शेवटच्या घराची शेवटची बांधी होईपर्यंत रांग सोडायची नाही, हा नियम. कुठे लिहिलेला नव्हता, कोणी सांगतही नव्हतं. बाई बाळंत झाली तर तिची नणंद येई, नणंद नसली तर पोरगी. प्रत्येकीची एक पात, म्हणजे दोन्ही हातांच्या आवाक्यातली चिखलाची पट्टी. वाकायचं, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताने रोप खोचायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. बांधीच्या धुऱ्याला टेकेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. जी मागे पडली तिची मोठी फजिती. शेजारणी रोवत रोवत मागे निघून जायच्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना हिरवं उभं राहायचं, मध्ये ती एकटी कोंडलेली. मग बाकीच्या धुऱ्यावरून तिची टर उडवायच्या. "राह्य आता तेथंच, धान पिकलं का कापून नेऊ तुले!"

या सगळ्यांची म्होरकी पारबता काकी. आमच्या शेजारची, सख्खी नात्याची नव्हे, पण सख्खीसारखीच. तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असेल. काळीसावळी, उंच, आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर बांधीतला बैल थांबावा. पाण्याच्या वाटेवर तिच्या बांध्या सगळ्यात शेवटी, नाल्याकडच्या. म्हणजे सगळ्यांचं रोवून झाल्यावर तिचं. पाऊस दगा देऊन गेला तर सगळ्यात आधी तिचेच पऱ्हे पिवळे पडायचे. आणि म्होरकी तीच. मला तेव्हा याचं काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी पऱ्हे टाकून झाले आणि गोंदियाहून मामाजी आले. मायचा भाऊ, मुर्रीला राहायचा. आज मुर्री आणि गोंदिया एकच झालं, पण तेव्हा मुर्री गावच होतं, फक्त गोंदियाचे दिवे दिसायचे. मामाजी छोट्या लाईनीच्या गाडीने आले, अर्जुनीहून पायी, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले. पाय धुवायच्या आधीच बाबूजींना म्हणाले, "जिजाजी, सायत्राचं काम झालं." नर्सबाईचं शिक्षण. दवाखान्यात राहून शिकायचं, मॅट्रिक झालेल्या पोरी हव्या होत्या, मामाजींच्या ओळखीच्या बाईने माझं नाव पक्कं केलं होतं. ठरलेल्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं. जी येणार नाही तिची जागा दुसरीला. मामाजी म्हणाले, "सोमवार म्हणजे सोमवार. उधर कोई रुकता नहीं."

मी चुलीपाशी होते. हातातली फुंकणी तशीच राहिली. खोटं कशाला सांगू, मला आजारी माणसांची सेवा वगैरे काही सुचलं नाही. मला सुचले दिवे. नळ सुचला. पावसाळ्यात चपला घालून चालता येईल असा रस्ता सुचला. मी एकदाच गोंदियाला गेले होते आणि तिथल्या बाजारात मला कोणी ओळखत नव्हतं, कोणी "बाबूजीची पोर का?" म्हणून विचारलं नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी मी काहीही केलं असतं. बाबूजी म्हणाले, "जाईल. रोवनी सरली का जाईल. सोमवारले अजून लय वेळ हाये." आणि खरंच वेळ होता. मायने मामाजींपुढे ताट ठेवलं आणि त्यात झिंगे वाढले, सगळेच्या सगळे, मला एकही उरला नाही.

आमच्या बांध्या झाल्या. सगळ्या बायका आमच्याकडे राबल्या, जेवल्या, मला नर्सबाई नर्सबाई म्हणून चिडवून घेतलं. "नर्सबाई, माह्या मालकाले सुई मारजो, लय घोरते." आणि दुसऱ्याच दिवशी माय डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन धुऱ्यावरून घसरली. डाव्या मनगटाचं हाड गेलं. हाडवैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद-चुना लावला, म्हणाला पोळ्यापर्यंत हात हलवायचा नाही. रात्रभर ती विव्हळली नाही, पण सकाळी मी उठले तर ती एका हाताने लुगडं खोचायला बघत होती. मी तिच्या हातातून पदर सोडवला आणि म्हणाले, "मी जाते." बस. त्यात मोठं काही नव्हतं. घरची बाई पडली, घरची पोरगी उभी राहिली. रांगेत मायच्या जागेवर मी जाऊन उभी राहिले तेव्हा पारबता काकीने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. नुसती पेंढी फेकली माझ्याकडे.

कंबर काय दुखायची, आईशप्पथ! शाळेत बाकावर बसून बसून कमरेला सवय कुठली? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. रात्री माय उजव्या हाताने त्यांवर मेण आणि तेल चोळायची. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण मी मोजत होते, या घरचं झालं, आता त्या घरचं, आता उरली ती नाल्याकडची. आणि तेवढ्यात पाऊस गेला. गेला तो गेलाच. आभाळ धुतल्यासारखं निळं. नाल्याकडच्या बांध्यांत चिखलाला भेगा पडायला लागल्या. तलावात पाणी होतं, पण तिथवर पोचेल एवढं नव्हतं. रांग मोडली नाही, नुसती थांबली. पाऊस आला की लगेच उभं राहायचं, म्हणून कोणी बाई गावाबाहेर पाऊल टाकेना. आणि सोमवार तर जवळ येतच होता. मी दिवसातून दहादा पाळीवर जाऊन आभाळ बघायची. बाबूजींना वाटायचं पोरगी शेतीची काळजी करते. माझं काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. कधी म्हणायची, देवा, पाड रे बाबा, रोवून मोकळी होते. कधी म्हणायची, देवा, सोमवार होईपर्यंत एक थेंब पाडू नको, रांगच नसली तर मला कोण अडवणार? देवाने दोन्ही ऐकलं आणि दोन्हीचा सत्यानाश केला. शनिवारी संध्याकाळी असा धो धो कोसळला की नाल्याकडच्या बांध्या रात्रीतून भरल्या. रविवारी जेवून निघालं तरच संध्याकाळची गोंदियाची गाडी मिळणार होती.

त्या रविवारी सकाळी माय चुलीपुढे बसून होती. बाबूजी गाडीला वंगण घालत होते. मी पेटी भरून ठेवली होती, दोन लुगडी, एक आरसा, शाळेचा दाखला. शेवटी मायच म्हणाली, "तू जेव आन निंघ. मी जाते पातीत."

"कशी जाशील? हात बघ."

"एक हात चांगला हाये ना. तू जाय. माह्या घरची पात मी लावीन. कोनाच्या बापाचं काय जाते?"

"माय, पन..."

"पन-बिन नको करू. तोंड बंद कर आन जेव."

मी जेवले. ताट पुसून जेवले, कारण आता बोलले तर सगळं फिसकटेल असं वाटत होतं. माय निघून गेली. आम्ही पेटी गाडीत ठेवली, वर गोणपाट टाकलं. बैल निघाले. आमच्या गावातून अर्जुनीकडे जायचा रस्ता नाल्याला धरूनच जातो, पारबता काकीच्या बांध्यांच्या अगदी काठाने. दुसरा रस्ता नव्हता. असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, असं मी कितीदा म्हटलं असेल.

वळण घेतलं आणि रांग दिसली. सगळ्या वाकलेल्या, डोक्यावर पळसाच्या पानांची इरली, गाणं नाही, नुसता चिखलाचा चपचप आवाज. रांग मागे सरकत सरकत बांधीच्या मध्यावर आलेली. आणि माय? माय पुढेच राहिलेली. दोन्ही बाजूंना हिरवं उभं, मध्ये ती. कामट्या बांधलेला हात छातीशी धरलेला, पेंढी त्या कोपराच्या बेचक्यात दाबलेली. एक रोप काढायचं, खोचायचं, तेवढ्यात पेंढी सुटायची, ती चिखलातून उचलायची, पुन्हा बेचक्यात दाबायची. तिने मला पाहिलं आणि घाईघाईने मान खाली घातली. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. एकेकीची मान वर झाली आणि खाली गेली. पारबता काकीने तर चक्क हात थांबवला आणि गाडीकडे टक लावून बघत राहिली. बोलली नाही. कोणीच बोललं नाही. टर उडवली नाही, शिवी दिली नाही. एवढ्या तोंडाळ बायका आणि त्यांची तोंडं शिवल्यासारखी! त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या ना, तर मी हट्टाने गेले असते. "जा वो जा, मायले चिखलात टाकून जा," असं एखादी म्हणाली असती तरी मी बैलाला काठी मारली असती. पण त्या गप्प राहिल्या, आणि बाबूजींनी कासरा ओढला. बैल थांबले. बाबूजीही गप्प. समोर रस्त्याकडे बघत बसले. मला त्या गप्प बसण्यात एकच गोष्ट ऐकू आली, की उतर.

मी उतरले. लुगडं खोचलं, चिखलात गेले, हिरव्या ओळींच्या मधून मायपर्यंत पोचले आणि तिच्या बेचक्यातली पेंढी ओढून घेतली. तिने उजव्या हाताने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की लुगड्यावर पाच बोटं उठली. "उतरलीस कायले? कायले उतरलीस वो?" आणि मग तिथेच धुऱ्यावर बसून हमसाहमशी रडली. मी रोवत गेले. मी तेव्हा रडले नाही. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी यायला जागाच नव्हती. आधी पावसावर, मग मायवर, मग त्या वाकलेल्या पाठींवर. रांगेला जाऊन मिळाले तेव्हा पारबता काकी सरकली आणि तिने मला जागा दिली. मागे चाकांचा आवाज आला. बाबूजींनी गाडी गावाकडे वळवली होती.

मामाजी त्या संध्याकाळी गोंदियाच्या फलाटावर उभे राहून परत गेले. सोमवारी माझ्या जागी दुसरी कोणी पोरगी आत गेली असणार, तिचं भलं होवो. मामाजी पुढे दिवाळीला आले, पण विषय काढला नाही. मायचा हात वाकडाच राहिला, त्यामुळे कापणीलाही मीच, चुरणीला म्हणजे मळणीलाही मीच. पुढच्या वर्षी बघू, असं बाबूजी दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मग त्यांनी घरजावई आणला. माणूस चांगला होता, मला कधी उणंअधिक बोलला नाही, आणि तो गेला तेव्हा मी मनापासून रडले. पण लग्नाच्या दिवशी हळद लावताना मला कळलं होतं, की बाकीच्या पोरी निदान दुसऱ्या गावाला तरी जातात. मी या ओसरीतून त्या ओसरीत गेले. ज्या बांधीत उतरले होते तिथून मी बाहेर आलेच नाही म्हणा ना.

आणि मग, मी बाहेर येत नाही म्हणून की काय, सगळं बाहेर माझ्याकडे येत गेलं. नाल्यावर पूल झाला. छोट्या लाईनीची मोठी लाईन झाली. वीज आली, नळ आला, ज्या नळासाठी मी झुरले तो माझ्या परसात आला तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. बदलीची रोवणी केव्हा मोडली ते सांगता येत नाही. एका घरची सून म्हणाली, मी चिखलात उतरणार नाही, आणि काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या घराने गुत्ता, म्हणजे ठेका, दिला. मग टेम्पोत बसून कुठकुठल्या गावच्या बायका यायला लागल्या, डोक्याला प्लास्टिकची पन्नी बांधून, आणि कोणाची तरी नजर चुकवायची असल्यासारख्या न बोलता रोवून जायला लागल्या. पोरी स्कूटीवरून अर्जुनीला कॉलेजला जातात, हेडफोन लावून, नाल्याच्या त्याच रस्त्याने. पोरगे हैदराबादला, नागपूरला, तिरोड्याला. आमच्या गल्लीत आता दिवसा कुत्री आणि म्हाताऱ्याच. मला त्या स्कूटीवाल्या पोरींचा हेवा वाटतो, उगाच कौतुक-बिवतुक नाही, चांगला खणखणीत हेवा वाटतो. आणि शरम वाटत नाही त्याची.

यंत्र येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पारबता काकीकडे गेले. ती आहे अजून. डोळे गेले, ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत. नातसुनेने तिला ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेलं असतं. मी तिला यंत्राचं सांगितलं, ओरडून ओरडून. ती हसली. "मंग? आता बायाईनं करावं काय? भांडावं कोनासंग?" मग काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. मी म्हणाले, "काकी, त्या दिवशी तुमी माह्याकडं असं पाहून राह्यल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाई. बोलल्या असत्या तं बरं झालं असतं."

"कोनता दिवस?"

"गाडीचा. माय पातीत होती तो."

तिला लगेच आठवलं. तिने खुर्चीचे हात धरले. "अवं, बोलावं काय? तुह्या मायची पात आमी घेऊनच राह्यलो होतो. मी एका बाजूनं, पलीकडच्या पातीतली सखू दुसऱ्या बाजूनं. तुही माय घेऊ देईना. म्हने, माही पोरगी आता इकडून जाईल, तिले दिसलं नाई पाह्यजे का माह्यानं होत नाई. गाडी जाऊ द्या, मंग घ्या. म्हनून आमी थांबलो."

तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

"गाडीकडं पाहून राह्यली होती मी," ती म्हणाली. "म्हटलं, जाय वो पोरी लवकर, माह्या बांधीतलं पानी उतरून राह्यलं. आन तुह्या बापानं बैल थांबवले. कायले थांबवले त्याईनं?"

"मग सांगितलं काऊन नाई?" मी ओरडले. ऐकू येत नाही म्हणून नाही, खरंच ओरडले. आत नातसुनेच्या हातातलं भांडं थांबल्याचं कळलं. "मी उतरली तेव्हा तरी सांगायचं! 'जाय, आमी करतो' म्हनायचं! एवढी वर्षं एका गल्लीत राह्यलो आपन!"

पारबता काकी जरा गोंधळली. मग अगदी साध्या, समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाली, "अवं, पन तू उतरली ना आपल्या पायानं. कोनी बोलावलं नाई, काई नाई. आमाले वाटलं, तुले जायाचंच नाई. घाबरली असंल पोरगी, म्हटलं. साऱ्या गल्लीले तसंच वाटलं. तुही माय तं मरेपर्यंत तेच म्हने, माह्या सायत्राले गावच गोड वाटलं, काय कराल?"

माय मरेपर्यंत. शेवटच्या आजारपणात मी तिला पेज पाजायचे, ती माझ्या हातावरून आपला वाकडा हात फिरवायची, आणि तिच्या मनात हे होतं. मला गाव गोड वाटलं म्हणून.

मी उठून उभी राहिले. पारबता काकीच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मले जायाचं होतं."

"काय म्हनतेस?" काकीने कानामागे हात धरला.

"मले जायाचं होतं काकी! मले जायाचं होतं!"

नातसून धावत बाहेर आली. "काय झालं आजी, काय झालं?" काकीने तिला हाताने गप्प केलं, माझ्या दिशेने तोंड वळवलं, आणि म्हणाली, "मंग जायाचं ना वो, बाई."